ताटातलं पाणी

आमच्या नातीने दूध सोडलं त्याला आता दोन वर्षं होत आली. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आधी मटण-अंडी बंद केली, मग दूध, दही, तूप, सगळंच. लातूरला आली की सकाळी माझ्यासमोर काळा चहा घेऊन बसते. सुरुवातीला मला वाटलं, वजनाचं काहीतरी खूळ असेल. पण कारण वेगळंच निघालं. म्हणाली, "आजी, तुम्ही लातूरची माणसं पाण्यासाठी एवढं सोसलंत, आणि एक लिटर दुधामागे हजार लिटर पाणी जातं हे तुला माहीत नाही?"

आता मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल आणि मराठी शिकवलंय. कुणी आकडा सांगितला की तो आला कुठून हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिने लगेच फोनमधून एक तक्ता काढून दाखवला. तो मी वहीत उतरवून घेतला आणि पुढचे कितीतरी दिवस त्याच्याशी झटापट करत बसले. त्यातून जे हाती लागलं ते आज लिहिते आहे. नातेवाईक मंडळींपैकी काहींना ते आवडणार नाही, विशेषतः ज्यांच्या रानात ऊस उभा आहे त्यांना. असो.

हा तक्ता ज्यांचा, ते आर्येन हूक्स्ट्रा नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात प्राध्यापक होते. २०१९ साली वारले. एखादी वस्तू तयार होईपर्यंत एकूण किती पाणी खर्ची पडतं, त्याला त्यांनी २००२ साली 'पाण्याची पाऊलखूण' असं नाव दिलं. त्याच्याही आधी लंडनच्या टोनी अॅलन यांनी 'आभासी पाणी' ही कल्पना मांडली होती. आपण धान्याचं पोतं घेतो तेव्हा त्यासोबत ते पिकवायला लागलेलं, डोळ्यांना न दिसणारं पाणीही घेत असतो, असं त्यांचं म्हणणं. त्याबद्दल त्यांना २००८ साली स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळाला. हाच पुरस्कार १९९३ साली आपल्या माधवराव चितळ्यांना मिळाला होता, हे मी वर्गात मुलांना मोठ्या अभिमानाने सांगत असे.

तर तो तक्ता. सगळ्या जगाची सरासरी आहे, हे आधीच सांगते. एक किलो भाजीपाल्याला ३२२ लिटर पाणी, धान्याला १६४४, डाळींना ४०५५, अंड्यांना ३२६५, कोंबडीला ४३२५, शेळी-मेंढीच्या मटणाला ८७६३ आणि गाय-बैलाच्या मांसाला १५,४१५ लिटर. दुधाला लिटरमागे १०२०. डाळ आणि कोंबडी जवळजवळ सारखीच कशी, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. तर प्रथिनांच्या हिशेबाने पाहायचं. एक ग्रॅम प्रथिन मिळवायला डाळीतून १९ लिटर पाणी लागतं, अंड्यातून २९, दुधातून ३१, कोंबडीतून ३४, मटणातून ६३ आणि गाय-बैलाच्या मांसातून ११२. जगभरच्या शेतीला जेवढं पाणी लागतं त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश जनावरांपासून मिळणाऱ्या अन्नापायी खर्च होतं. म्हणजे माणसाने थेट वनस्पतीच खाल्ली तर पाणी वाचतं, हे नातीचं म्हणणं खरंच. जनावराला चारायचं आणि मग जनावर किंवा त्याचं दूध आपण घ्यायचं, या मधल्या फेऱ्यात पुष्कळ पाणी जातं.

इथपर्यंत नातीचा विजय. :-)

मग माझी नजर साखरेवर गेली. उसाच्या साखरेला किलोमागे सुमारे १८०० लिटर! म्हणजे कागदावर साखर डाळीच्या निम्म्याहून कमी पाण्यात होते. लातूरच्या कुठल्याही माणसाला हे वाचून दाखवा, तो हसेल. इथे काहीतरी खुबी आहे, आणि ती याच हूक्स्ट्रा साहेबांनी स्वतः सांगून ठेवली आहे. फक्त तक्ता पुढे ढकलणारे लोक ती गाळतात.

त्यांनी पाण्याचे रंग केले आहेत. जे पावसाचं पाणी शेतातच पडलं, मातीत मुरलं आणि तिथूनच पिकाने ओढून घेतलं, ते हिरवं पाणी. जे नदीतून, धरणातून, विहिरीतून, बोअरमधून काढून पिकाला दिलं, ते निळं. (तिसरा करडा रंगही आहे, खतं-औषधांनी घाण झालेलं पाणी पुन्हा निवळायला लागणाऱ्या पाण्याचा, त्यात आज शिरत नाही.) आमच्या भाषेत सांगायचं तर कोरडवाहू आणि बागायती. आपल्याकडची तूर जूनमध्ये सोयाबीनच्या नाहीतर कपाशीच्या ओळींत पेरतात. सोयाबीन निघून गेलं तरी ती उभी असते, मुळं खोल जातात, काळ्या जमिनीतली ओल शोषत शोषत सहा महिन्यांनी ती काढणीला येते. रब्बीची ज्वारी तर पाऊस संपता संपता पेरायची आणि पुढे मुरलेल्या ओलीवर, थंडीच्या दवावर पोसायची. किलोमागे तिला लागलेलं पाणी आकड्यात मोठं दिसेल. पण ते पाणी तुरीने घेतलं नसतं तर काही आपल्या नळाला आलं नसतं. ते त्या वावरातलंच होतं.

उसाचं तसं नाही. आमच्या लातूर जिल्ह्यात वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा. पाटाने मोकळं पाणी दिलं तर हेक्टरी अडीच कोटी लिटरच्या घरात जातं. ठिबक केलं तर बरंच वाचतं, पण उरलेलंही काही थोडं नसतं. आणि हे सगळं पाणी धरणाचं किंवा बोअरचं, म्हणजे जे माणसाला पिता आलं असतं ते. राज्यात पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चारेक टक्के, पण सिंचनाच्या पाण्यातला वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास, असा हिशेब जाणकार मंडळी वर्षानुवर्षं मांडत आली आहेत.

२०१६ साल इथल्या माणसाला आठवण करून द्यायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी लिहिते. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. लातूर शहराचं पाणी तिथूनच येतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, पाण्यासाठी! आमच्या गल्लीत आठ-आठ दिवसांनी टँकर यायचा आणि घरामागे दोनशे लिटर मिळायचं. अंघोळीचं पाणी परातीत धरून तेच संडासात टाकायचं, भांडी राखेने घासून नुसती पुसून घ्यायची. माझी सत्तरीकडे वाटचाल सुरू होती आणि हातात कळशी घेऊन मी रांगेत उभी होते. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. स्टेशनवर लोकांनी गर्दी केली, कुणी पूजा केली, कुणी फोटो काढले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली.

त्या पाच लाख लिटरचा हिशेब मी आत्ता, वही समोर घेऊन केला. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने महाराष्ट्रातल्या साखरेला किलोमागे दोन हजार लिटरहून जास्त पाणी धरलं आहे. दोन हजारच धरा. पाच लाख लिटर म्हणजे अडीचशे किलो साखर. पन्नास किलोची पाच पोती. अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलेली ती गाडी, आणि तिच्यात पाच पोती साखरेचं पाणी... मी तीनदा भागाकार करून पाहिला.

म्हणून मी नातीला म्हटलं, तुझ्या काळ्या चहात दूध नाही हे ठीक, पण त्या दोन चमचे साखरेचं काय? ऊसही वनस्पतीच की. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आजी, तू ना, शाळेत पण अशीच होतीस का?" आता ती बिनसाखरेचा घेते. मी घरी चहातली साखर निम्मी केली. तसं आमच्या ह्यांच्या मधुमेहाने हे काम आधीच अर्धं केलं होतं. अर्थात माझ्या चमच्याने मांजरा भरणार नाही, हेही मला कळतं. साखर मिठाईत जाते, थंड पेयांत जाते, आणि आता तर उसाचं इथेनॉल होऊन गाड्यांतही जातं.

आता दुधाकडे येते. यात मला नातीपेक्षा थोडं जास्त ठाऊक आहे, कारण मी गोठ्यात वाढलेली. दूध-मांसाला जे पाणी लागतं त्यातलं सुमारे ९८ टक्के जनावराच्या चाऱ्याचं असतं. जनावर पितं, धुतात, ते अगदीच किरकोळ. म्हणजे खरा प्रश्न असा, की ते खातं काय? माझं माहेर नांदेड जिल्ह्यातलं, कंधारकडचं, मन्याडच्या खोऱ्यातलं. आमच्याकडे लाल कंधारी गाई होत्या. सासरकडे देवणी. दूध काय, घरापुरतं. पण त्या खायच्या कडबा. ज्वारीचं कणीस माणसाला आणि धाट जनावराला, एकाच पावसावर दोघांचं भागायचं. त्या दुधासाठी वेगळं पाणी कुणी काढत नव्हतं. वर शेण वावरात जायचं, आणि गाईचा गोऱ्हा पुढे औताला.

ज्वारी गेली तसा कडबा गेला. सोयाबीनचं भुसकट जनावर आवडीने खात नाही. मग मोठ्या दुधाच्या संकरित गाई आल्या आणि त्यांच्यासाठी बोअरवर मका, नेपियर गवत. दुष्काळात २०१३ला, २०१६ला, २०१९ला चारा छावण्या लागल्या, तिथे चारा म्हणून काय दिलं? ऊस! पाताळातलं पाणी उपसून ऊस, तो तोडून गाईला, आणि त्याचं दूध पिशवीतून शहराला. हे दूध आणि माझ्या आईच्या गोठ्यातलं दूध एकाच आकड्यात कसं मोजायचं? पण आजचं आपलं पिशवीतलं दूध बहुतेक या दुसऱ्या प्रकारचं आहे, म्हणून नातीचं बरोबर, असंच मला शेवटी म्हणावं लागलं. पनीरचा विचार करा, एक किलोला पाच-सहा लिटर दूध लागतं. हल्ली लग्नात पनीरच्या दोन-दोन भाज्या असल्याशिवाय पंगत उठत नाही. तोही शाकाहारच, नाही का?

मटणाबद्दल लिहिताना मी जरा जपून लिहिते. माझे वडील माळकरी, सासर मात्र जत्रेला बोकड करणारं. दोन्ही ताटं मी वाढली आहेत, खाते मात्र माहेरचं. शेळी-मेंढीच्या मटणाच्या ८७६३ लिटरमधलं ८२०० च्या वर पाणी हिरवं आहे, हे त्याच तक्त्यात बारीक अक्षरात लिहिलंय. आमच्याकडची उस्मानाबादी शेळी बांधावरचं गवत, बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला असं खाऊन जगते, जिथे दुसरं काही पिकत नाही तिथे. भूमिहीन बाईच्या दारात दोन शेळ्या असल्या तर पोराच्या फीची सोय होते. तेव्हा हा पाण्याचा हिशेब कुणी कुणाच्या ताटावर, कुणाच्या जातीवर उगारू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. वर्षातून चार वेळा जत्रेचं मटण खाणारा वेगळा आणि रोज रात्री हॉटेलात चिकन मागवणारा वेगळा. ब्रॉयलर कोंबड्या मका आणि सोयाबीनची पेंड खातात. तीच सोयाबीन आणि तोच मका माणसाने थेट खाल्ला तर कितीतरी जास्त पोटं भरतील. मोजायचंच असेल तर ते मोजावं.

मग खायचं काय? माझ्या मते आमच्या भागाने याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. वेळ अमावस्या ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेल. लातूर-धाराशिवकडे, आणि नांदेडच्या काही भागातही, मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. शहरात त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखे रस्ते ओस पडतात. कडब्याची कोप करून पूजा करायची आणि मग जेवण. ज्वारी-बाजरीचे उंडे, वाल, तुरीचे दाणे, ओला हरभरा, शेंगदाणे आणि असतील नसतील त्या पालेभाज्या घालून केलेली भज्जी, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबील. जवळपास सगळं त्या मोसमात त्या शिवारात पावसाच्या ओलीवर आलेलं. आंबिलीत ताक असतं म्हणून नातीची पंचाईत झाली, तेव्हा तिच्यासाठी ज्वारीचं पीठ नुसतं आंबवून, लसूण-जिऱ्यावर वेगळी केली. वाईट नव्हती. पण आंबील ती आंबील.

रोजच्या जेवणातही काही अवघड नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण नाहीतर येसराची आमटी, उडदाचं घुटं, आंबाडी, हरभऱ्याचा पाला, शेंगदाण्याची चटणी, वर करडईचं तेल. माझ्या लहानपणी हे गरिबाचं जेवण होतं आणि पोळी सणाची. १९७२च्या दुष्काळात मी विशीत होते, नांदेडला कॉलेजात. तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. त्या दुष्काळात धान्य नव्हतं, पण आमच्या विहिरीत तळाला का होईना पाणी होतं. २०१६ला दुकानं धान्याने भरलेली होती आणि पाणी नव्हतं. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत आपण बोअर मारत गेलो. आमच्या गावात पूर्वी दीडशे फुटांवर पाणी लागे, आता सहाशे फूट गेलं तरी कधी फुफाटाच निघतो.

आता घरातली गोष्ट. वडिलांच्या जमिनीतली दोन एकर माझ्या नावावर आहे. धाकटा भाऊ ती बटईने करतो. २०२४ला पाऊस बरा झाला तेव्हा तो म्हणाला, "आक्का, तुझ्या तुकड्यात औंदा ऊस लावतो." मी नको म्हटलं. ज्वारी पेर, बांधाला करडई टाक, हरभरा कर. तो चिडला नाही, पण त्याने मला सगळं समजावून सांगितलं. "ज्वारीला कोण इचारतंय आक्का? पाखरं राखायला माणूस मिळंना, काढायला मजूर मिळंना. उसाला पाणी सोडलं की झालं, टोळी येऊन तोडून नेती. भाव ठरलेला हाय. तू पेन्शनवाली, तुला परवडतं." शेवटचं वाक्य लागलं, पण खोटं नव्हतं. सरकारी भावात ज्वारी विकली जाईल याचा त्याला भरवसा नाही, आणि लेकीचं लग्न तोंडावर. शहरातल्या आम्ही भाकरी खायची ठरवून पाणी वाचत नाही. ती पिकवणाऱ्याला दाम मिळाला तर वाचतं. म्हणून आमचं ठरलं, की त्या दोन एकरात ज्वारी होईल आणि त्याला उसाच्या मानाने जे कमी पडेल त्यातलं निम्मं मी माझ्या वाट्यातून सोडायचं. दाणा आम्हा भावंडांच्या पाच घरांनी बाजारभावापेक्षा जास्त देऊन घ्यायचा. पुण्याची नातही त्यात आहे.

पहिल्या वर्षी ज्वारी साधारणच झाली. पण कडबा हातोहात गेला, शेजारच्या गावचा दूधवाला गाडी घेऊन दारात. भाऊ म्हणाला, "दाण्यापेक्षा कडब्यानं बरं केलं." मग २०२५चा पावसाळा आला आणि उलटंच झालं. ऑगस्ट-सप्टेंबरात अशी अतिवृष्टी झाली की नांदेड-लातूरची शिवारंच्या शिवारं पाण्याखाली गेली. मुखेडकडे तर माणसं गेली. आमच्याकडचं सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, आणि शेजाऱ्याचा ऊस मात्र पाण्यात उभा राहिला. भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, "बघ." मी काही बोलले नाही. त्या दिवशी काय बोलायचं!

वाफसा यायला कार्तिक उजाडला. मला वाटलं आता तो उसाचंच बेणं आणील. एका संध्याकाळी फोन आला. "आक्का, पेरली बरं का ज्वारी. परभणी मोती. ओल लई हाय, बक्कळ येईल. पण पाखरं राखायला माणूस नाही म्हणलो होतो, ते ध्यानात हाय ना? गोफण कुणी फिरवायची?"

मी म्हटलं, येते. नातीलाही कळवलंय, सुट्टी टाकून ये म्हणून.